परदेशात बसून गावच्या रस्त्यावर चिडताय? अर्ज करा

२३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा टोरांटोच्या ऑफिसात मी सगळ्यांना बर्फी वाटली. ऊर भरून आला होता. त्याच आठवड्यात आई फोनवर सांगत होती, आपल्या वाईकडच्या रस्त्यावर रिक्षावाले यायलाच तयार नाहीत. माझा अभिमान खरा आणि संतापही खरा.

‘आमच्याकडे असं चालत नाही’ हे नातेवाइकांना ऐकवणं आधी थांबवा. खड्डे त्यांनी पाडलेले नाहीत, आणि रोज त्यातून तेच जातात. राग कागदावर आणा. भारतीय नागरिकत्व असेल, तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली परदेशातूनही अर्ज करता येतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, भारतीय वंशाच्या ओसीआय कार्डवाल्यांना तो हक्क नाही. त्यांनी गावातल्या कुणाला तरी विनंती करावी. मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. ठेकेदार बहुतेकदा ओळखीतलाच असतो आणि त्याला तोंड त्यांना द्यावं लागतं.

महाराष्ट्रात अर्जाला एकच विषय, १५० शब्दांची मर्यादा, फी १० रुपये. माहिती का हवी, हे सांगावं लागत नाही. ‘रस्ता खराब का?’ असं विचारलंत तर हाती काहीच लागणार नाही. कागद मागा: कार्यारंभ आदेश (काम सुरू करायचा हुकूम), मोजमाप पुस्तिकेतल्या (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) नोंदी, आणि करारातलं दोषदायित्व कालावधीचं (कामातल्या दोषांना ठेकेदार जबाबदार असतो तो काळ) कलम. तो कालावधी संपलेला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील दाखल करा.