भाज्या घालून मोकळा किनोआ: रात्रीच्या जेवणासाठी

भाज्या घालून केलेला किनोआ गिजगोळा झाला, तर दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. खिचडीच्या सवयीने आपण दाणे, भाज्या आणि पाणी एकाच भांड्यात शिजत लावतो. भाज्यांना सुटणारे पाणी हिशेबात धरलेले नसते, आणि किनोआचा नाजूक दाणा ते सारे शोषून घेऊन मऊ पडतो. म्हणून दाणे आणि भाज्या वेगवेगळ्या शिजवून शेवटी एकत्र कराव्यात, हे माझे ठाम मत आहे. कामावरून घरी आल्यावर करायला हा प्रकार जड जात नाही, कारण दाणे शिजेपर्यंत भाज्या परतून होतात.

किनोआ हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतले, आजच्या बोलिव्हिया आणि पेरू या देशांतले पीक आहे. तो गहू-तांदळासारख्या तृणकुळातला नसून आपल्या चाकवताचा जवळचा नातलग आहे. त्याच्या दाण्यावर सॅपोनिन नावाच्या कडू द्रव्याचा थर असतो, जो पाण्यात चोळल्यावर फेसाळतो. पाकिटावर धुतलेला असे लिहिले असले, तरी दाणे पाण्यात तळहातांनी हलके चोळून, फेस येणे थांबेपर्यंत दोन-तीन वेळा धुवावेत. नेहमीच्या चाळणीतून ते निसटतात, त्यामुळे अगदी बारीक जाळीची गाळणी किंवा मलमलचे फडके घ्यावे आणि शेवटी पाणी पूर्ण निथळू द्यावे.

चार जणांसाठी एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे 150 ग्रॅम किनोआ पुरतो, कारण शिजल्यावर तो जवळजवळ तिप्पट होतो. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर निथळलेले दाणे दोन-तीन मिनिटे परतावेत. ओलसरपणा जाऊन खमंग वास आला, की त्याच वाटीने पावणेदोन वाट्या उकळते पाणी आणि मीठ घालावे. उकळी फुटल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर 12 ते 15 मिनिटे शिजवावे. दाणा पारदर्शक दिसू लागला आणि त्याच्या कडेचा पांढरा, शेपटीसारखा अंकुर सुटा झाला, म्हणजे तो शिजला. मग आच बंद करून दहा मिनिटे झाकण उघडू नये. या वेळात उरलीसुरली वाफ दाण्यांत जिरते. त्यानंतर काट्याने हलकेच मोकळा करून परातीत पसरावा. घाईच्या दिवशी कुकर वापरायचा असल्यास पाणी दीड वाटीच घ्यावे आणि एका शिट्टीवर गॅस बंद करावा.

दाणे शिजत असताना कढईत मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि हळदीची फोडणी करून कांदा परतावा. चिरलेली फरसबी आणि गाजर आधी घालून झाकणावर पाणी ठेवून शिजवावे, मग मटार आणि अगदी शेवटी ढोबळी मिरची घालावी, म्हणजे तिचा करकरीतपणा टिकतो. सगळ्या भाज्या मिळून तीन वाट्या असाव्यात. दुधी आणि कोबी यांना फार पाणी सुटते, म्हणून ते येथे टाळावेत. टोमॅटो हवाच असेल, तर त्याचे पाणी पूर्ण आटवावे. भाज्यांपुरते मीठ, चमचाभर गोडा मसाला आणि दोन चमचे दाण्याचे कूट घालून मगच किनोआ मिसळावा व एक वाफ आणावी. लिंबू, कोथिंबीर आणि ओले खोबरे वाढण्याच्या वेळी घालावे.

हा पदार्थ कोरडा असतो, त्यामुळे सोबत ताकाची कढी किंवा काकडीची कोशिंबीर अवश्य करावी, विशेषतः घरात वृद्ध माणसे आणि लहान मुले असतील तर. उरलेला किनोआ गार झाल्यावर लगेच झाकून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी भाजणीत मळून त्याची थालीपिठे लावावीत; भाज्या आधीच शिजलेल्या असल्याने पीठ मळताना पाणी बेताचेच लागते.