पापडावर मोजा प्रकाशाचा वेग

नववीच्या वर्गात मी वर्षानुवर्षं फळ्यावर ‘सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर’ असं लिहीत आले आणि मुलं ते वहीत उतरवून घेत आली. हा आकडा मोजला कसा, असं कुणी विचारायचं नाही, याची मला खंत वाटायची. मग एका वैशाखात जाऊबाईंबरोबर लाटलेले उडदाचे पापड मायक्रोवेव्हमध्ये भाजायला ठेवले आणि ते सगळीकडे सारखे न फुलता ठिपक्याठिपक्यांनी फुलताना दिसले. तेव्हापासून हा प्रयोग मी दरवर्षी करून घेते.

आधी मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी आणि तिच्याखालचं चाकांचं कडं काढा. मधे जो खुंटा फिरतो, त्याला न टेकेल अशी एक खोलगट काचेची ताटली त्यावर पालथी घाला. पापड फिरता कामा नये, सगळा प्रयोग याच गोष्टीवर उभा आहे. ज्या मायक्रोवेव्हमध्ये थाळीच नसते, त्यात लहरी आतल्या आत फिरवल्या जातात, तो इथे चालणार नाही. ताटलीवर पातळ, एकसारखा लाटलेला मोठा पापड सपाट ठेवा आणि १५ सेकंद चालवा. लागलं तर आणखी पाच. दारापाशीच उभ्या राहा, पापड पेट घेऊ शकतो. आणि आत काही न ठेवता मायक्रोवेव्ह कधीच चालवू नका.

पहिले पांढरे डाग उमटले की लगेच थांबा. पूर्ण भाजलेला पापड आक्रसतो आणि माप चुकतं. डागांच्या मध्यावर स्केचपेनने खूण करा आणि शेजारशेजारच्या दोन खुणांमधलं अंतर पट्टीने मोजा. एका पापडावर भागत नाही. कुठे साडेपाच सेंटिमीटर येईल, कुठे सात, कारण लहरी वरून, खालून, बाजूंनी अशा सगळीकडून उलटतात. चार-पाच पापडांवरची मापं घेऊन सरासरी काढा.

हे डाग का पडतात? दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरं हलवत राहिलं, तर ठरावीक वेगाला दोरीत फुगे तयार होतात आणि दोन फुग्यांच्या मधली जागा जवळपास स्थिर राहते. मायक्रोवेव्हच्या धातूच्या भिंतींवरून उलटणाऱ्या लहरींचं तसंच होतं. फुगा असतो तिथे पापड फुलतो. दोन शेजारच्या फुग्यांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी, म्हणजे एका पूर्ण लहरीच्या लांबीच्या निम्मं. म्हणून तुमच्या सरासरीची दुप्पट करा. माझ्या वर्गात सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

आता मायक्रोवेव्हच्या मागचं लेबल वाचा. घरगुती यंत्रावर बहुधा २४५० मेगाहर्ट्‌झ असं असतं, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी आंदोलनं. समजा सरासरी ६ सेंटिमीटर आली. तरंगलांबी झाली ०.१२ मीटर. दर आंदोलनात लहर एक तरंगलांबी पुढे जाते, म्हणून तिला २४५ कोटींनी गुणलं की वेग मिळतो: सेकंदाला २९ कोटी ४० लाख मीटर. खरा वेग आहे २९,९७,९२,४५८ मीटर. दोन टक्क्यांची चूक, तीही स्वयंपाकघरातल्या पट्टीने! मात्र पट्टी एक मिलिमीटर चुकली तर उत्तर ४९ लाख मीटरने हलतं, म्हणून डोळा थेट खुणेच्या वर ठेवून वाचा.

मायक्रोवेव्हच्या लहरी म्हणजे प्रकाश कसा, हा प्रश्न येतोच. दोन्ही विद्युतचुंबकीय तरंगच, फक्त लांबी वेगळी. निर्वातात दोघांचा वेग एकच, आणि हवेत पडणारा फरक आपल्या पट्टीला कळण्याइतका नाही.

एका मुलीने मला विचारलं होतं, “बाई, जास्त वॅटचा ओव्हन घेतला तर वेग वाढेल का?” मी तिला तसाच एकेक पापड आधी कमी आणि मग जास्त शक्तीवर करून पाहायला लावलं. डाग लवकर उमटले, अंतर तेवढंच राहिलं. शक्ती वाढवून प्रकाश वेगवान होत नाही. पण वस्तुमान असलेल्या कणाला ढकलत राहिलं तर?

हे अमेरिकेत एमआयटीमध्ये विल्यम बर्टोझी यांनी इलेक्ट्रॉनवर करून पाहिलं आणि १९६४ साली प्रसिद्ध केलं. १५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा दिल्यावर न्यूटनच्या सूत्राने इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या साडेसातपट वेगाने जायला हवा होता. तो प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचला, पुढे गेला नाही. ऊर्जा वाटेत हरवली असेल का? म्हणून त्यांनी इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियमवर आदळवून उष्णताही मोजली. ती पुरेपूर आली होती. ऊर्जा इलेक्ट्रॉनमध्ये होती, पण वेगात दिसत नव्हती. प्रकाशाच्या वेगाजवळ जावं तसा प्रत्येक पुढचा टप्पा आधीपेक्षा महाग होत जातो, आणि तो वेग गाठायला अमर्याद ऊर्जा लागेल. प्रकाशाला वस्तुमान नाही, म्हणून तो त्या मर्यादेवरच धावतो.

एक गोष्ट मुलांना मी शेवटी सांगते. १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून केली जाते, म्हणजे तो आकडा आता ठरवूनच दिलेला आहे. तेव्हा काटेकोरपणे बोलायचं तर पापडावर आपण आपली पट्टी तपासत असतो. खुणा न केलेले पापड नंतर गॅसवर शेकून वर्गात वाटता येतात.