हँड ग्रिपर वापरून चढाईसाठी पकड कशी कमवावी

सह्याद्रीतल्या प्रस्तरारोहणाचा हंगाम ढोबळमानाने दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि कातळ तव्यासारखा तापेपर्यंत चालतो. जूनपासून पुढचे चार महिने कडे ओले आणि शेवाळलेले असतात, त्यामुळे नागफणीच्या किंवा तैलबैलाच्या भिंतीला त्या काळात हात लावणारा विरळाच. हात कमावण्याचे दिवस हेच. भाड्याच्या घरात दारावर हँगबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकण्याची खाचांची फळी, ठोकता येत नाही आणि कृत्रिम भिंत शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. मग खेळाच्या दुकानातून दोन मुठी आणि मधोमध स्प्रिंग असलेला, चिमट्यासारखा दिसणारा हँड ग्रिपर घरी येतो.

साधन वाईट नाही, पण टीव्ही पाहता पाहता किंवा लोकलमध्ये उभ्या उभ्या, काहीही न मोजता शंभर-दोनशे वेळा दाबण्याची जी पद्धत सर्रास दिसते, तिने मूठ वळण्याचा सराव तेवढा होतो, कड्यावर टिकणारी पकड तयार होत नाही. मीही पहिल्या पावसाळ्यात असाच दाबत सुटलो होतो. तीन आठवड्यांत कोपर आतल्या बाजूने इतके दुखू लागले की पाण्याची बादली उचलताना हात बदलावा लागे.

कड्यावर हात नेमके काय करतो

एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या कोपराखाली, आतल्या बाजूच्या मांसल भागावर ठेवावीत आणि त्या दुसऱ्या हाताची बोटे एकेक करून मिटवून पाहावीत. कातडीखाली स्नायू सरकताना स्पष्ट जाणवतात. बोटांमध्ये स्वतःचे स्नायू जवळजवळ नसतात. त्यांना मिटवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटांच्या पेरांना ओढतात. यांपैकी एक थर मधल्या पेराशी जोडलेला असतो, तर त्याच्याखालचा दुसरा थर थेट टोकाच्या पेरापर्यंत पोहोचतो. अरुंद कंगोऱ्यावर टोकाचे पेर टेकवून शरीर तोलताना भार मुख्यतः या दुसऱ्या थरावर येतो.

ग्रिपर दाबताना बोटे हलतात, म्हणजे स्नायू आखडत जातो आणि परत लांबतो. होल्ड, म्हणजे कातळावरची हाताने धरायची खाच किंवा कंगोरा, धरल्यावर मात्र बोटे हलत नाहीत. ती ज्या कोनात टेकली त्याच कोनात, अर्धवट उघडी राहून, शरीराच्या वजनाला दाद न देता थांबलेली असतात. ज्या कोनात स्नायूकडून काम करून घेतले जाते, त्या कोनात आणि त्याच्या आसपासच ताकद प्रामुख्याने वाढते. म्हणून पूर्ण मिटलेल्या मुठीची ताकद कितीही वाढवली, तरी तिचा थोडाच वाटा उघड्या बोटांच्या वाट्याला येतो. चढाई करणाऱ्याने ग्रिपर दाबण्यापेक्षा धरून ठेवण्यावर आणि सावकाश सोडण्यावर भर द्यावा. पुढची सगळी आखणी त्या हिशेबाने केली आहे.

ग्रिपर निवडताना

बाजारात दोन प्रकार प्रामुख्याने मिळतात. एकात प्लॅस्टिकच्या मुठी असतात आणि चकती फिरवून स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो. दुसरा धातूचा, ठरावीक ताणाचा असतो. आयर्नमाइंड या अमेरिकी कंपनीचे ‘कॅप्टन्स ऑफ क्रश’ ग्रिपर दुसऱ्या प्रकारातले असून त्यांतला पहिल्या क्रमांकाचा ग्रिपर १४० पाउंडांचा, म्हणजे सुमारे ६३ किलोंचा, तर तिसऱ्या क्रमांकाचा २८० पाउंडांचा समजला जातो. प्लॅस्टिकच्या ग्रिपरवर ६० किलो छापलेले असले, तरी तो या ६३ किलोंच्या जवळपासही असेल असे समजू नये, कारण ताण मुठीच्या कोणत्या बिंदूवर मोजला यावर आकडा बदलतो. छापील किलोंकडे दुर्लक्ष करून आपल्या ग्रिपरवर पेनाने खुणा कराव्यात आणि वहीत किलोंऐवजी खुणेचा क्रमांक लिहावा.

चढाईसाठी ताण बदलता येणारा साधा ग्रिपर पुरतो आणि तोच घ्यावा, असे माझे मत आहे. मुठी एकमेकींना टेकवून दहा-बारा वेळा नीट दाबता येईल आणि शेवटच्या दोन वेळा कष्ट पडतील, तो आपला कामाचा ताण समजावा. डाव्या आणि उजव्या हातासाठी तो बहुधा वेगळा निघतो.

हातात धरण्याची रीत

स्प्रिंग वरच्या बाजूला, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्याकडे, असावी. एक मूठ अंगठ्याच्या बुडाच्या गादीवर टेकवावी आणि दुसरी चार बोटांवर घ्यावी. बहुतेक जण ती बोटांच्या मधल्या पेरात खोल बसवतात, कारण तिथे जोर जास्त लागतो. सुरुवातीचे दोन आठवडे तसेच करावे. त्यानंतर ताण जवळपास निम्म्यावर आणून तीच मूठ टोकाच्या पेरावर घ्यावी. दाबताना ती घरंगळू पाहते आणि ती घरंगळू न देणे हाच या व्यायामाचा उपयोगी भाग असतो.

मनगट किंचित मागे झुकलेले असावे. मनगट पूर्ण पुढे वाकवून मूठ आवळण्याचा एकदा प्रयत्न करावा: पकड लगेच ढिली पडते. याचा अर्थ प्रत्येक पकडीत हाताच्या मागच्या बाजूचे स्नायूही मनगट सावरण्यासाठी राबत असतात, आणि हे स्नायू कमजोर राहिले की त्याचा हिशेब पुढे कोपर चुकवते.

प्रत्यक्ष सराव

आधी पाच मिनिटे हात गरम करावेत. मोकळी मूठ तीस वेळा उघडावी-मिटावी, मनगटे दोन्ही दिशांनी फिरवावीत आणि ग्रिपर सर्वांत हलक्या ताणावर ठेवून पंधरा वेळा दाबावा. सकाळी उठल्या उठल्या जोराचा सराव करू नये.

पहिले काम सावकाश दाबण्या-सोडण्याचे आहे. दोन सेकंदांत मूठ मिटवावी, एक सेकंद थांबावे आणि मनातल्या मनात चार मोजत स्प्रिंगला परत उघडू द्यावे. स्प्रिंग फटकन सुटू दिली तर निम्मे श्रम वाया गेले असे समजावे. आठ ते दहा आवर्तनांचा एक संच, असे प्रत्येक हाताचे तीन संच करावेत आणि दोन संचांमध्ये दोन मिनिटे विश्रांती घ्यावी. ताकद वाढण्यासाठी ही दोन मिनिटे लागतात. घाईने तीस सेकंदांवर आणली, तर पुढच्या संचात फक्त दमणूक हाती लागते.

दुसरे काम धरून ठेवण्याचे, आणि चढाईसाठी तेच मोलाचे आहे. ग्रिपर मिटत आणून दोन्ही मुठींमध्ये एक रुपयाचे नाणे अडकवावे आणि ते पडू न देता दहा सेकंद धरावे. घड्याळाकडे पाहावे लागत नाही, कारण पकड केसभर सैल पडली की नाणे फरशीवर खणकन वाजते आणि स्वतःची फसवणूक करण्याची सोय उरत नाही. दर आठवड्याला दोन सेकंद वाढवत वीस सेकंदांपर्यंत जावे. ते जमले की नाण्याच्या जागी बोटभर रुंदीचे खोडरबर किंवा लाकडाचा तुकडा घ्यावा. आता बोटे अर्धवट उघडी राहतात आणि कोन होल्डवरच्या पकडीच्या जवळ येतो. प्रत्येक हाताने चार वेळा धरावे.

तिसरे काम दमसासाचे. लांब मार्गावर चढताना हात भरून येतात, बोटे उघडेनाशी होतात, आणि डोळ्यांसमोर चांगला होल्ड असूनही तो धरता येत नाही. जोरात आवळलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो, ताजे रक्त पोहोचत नाही, म्हणून हे घडते. हात खाली सोडून झटकल्यावर बरे वाटते, कारण तेवढ्या वेळात रक्त फिरते. हीच धरसोड ग्रिपरवर करावी: निम्म्या ताणावर सात सेकंद धरावे, तीन सेकंद सोडावे, असे सलग सहा वेळा म्हणजे एक मिनिट. मग तीन मिनिटे थांबून पुन्हा, अशा तीन फेऱ्या कराव्यात. दुसऱ्या फेरीअखेर हात पेटल्यासारखा वाटणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचल्यासारखे वाटणे मात्र स्वाभाविक नाही आणि तसे वाटताच थांबावे.

सर्व वेळ श्वास चालू ठेवावा. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब झपाट्याने चढतो. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी धरून ठेवण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत.

उघडणारी बाजू

ग्रिपर हा स्वभावतःच एकांगी आहे; तो मिटवणाऱ्या स्नायूंनाच काम देतो. म्हणून प्रत्येक सरावाच्या शेवटी पाचही बोटांच्या टोकांभोवती जाड रबरबँड चढवून बोटे पसरावीत आणि सावकाश जवळ आणावीत. पंचवीस वेळांचे तीन संच पुरतात, आणि एक रबरबँड सोपा वाटू लागला की दोन घ्यावेत. दुसरा उपाय स्वयंपाकघरातला: अर्धी बादली तांदूळ घ्यावेत, मनगट बुडेल इतका हात आत खुपसावा आणि तिथे बोटे पसरावीत, मिटावीत, मनगट गोल फिरवावे. दोन मिनिटांत कोपरापर्यंतचा हात सर्व बाजूंनी भरून येतो. हे तांदूळ वेगळे ठेवावेत, नाहीतर घरात वाद ठरलेला.

हा भाग वरकरणी कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच सगळे तो गाळतात. माझ्या कोपराचे दुखणे मात्र ग्रिपर बंद करून थांबले नव्हते. रबरबँड सुरू केल्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले.

आठवड्याची बसवणी

आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस हा सराव करावा आणि दोन सरावांमध्ये किमान एक पूर्ण दिवस मोकळा सोडावा. भिंतीवर किंवा कड्यावर जाण्याच्या आदल्या दिवशी ग्रिपरला हात लावू नये. दोन्ही एकाच दिवशी करायचे झाल्यास आधी चढाई आणि नंतर हलका सराव, हा क्रम उलटा करू नये, कारण दमलेल्या बोटांनी चढताना पाय चुकला तर सगळा झटका कंडरांवर येतो.

सलग दोन सरावांत तिन्ही संच बारा-बारा आवर्तनांचे झाले तरच ताण एका खुणेने वाढवावा. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण कंडरा आणि तिला हाडाशी धरून ठेवणाऱ्या चिवट कड्या फार सावकाश बळकट होतात. दुखापती याच तफावतीतून होतात: हात ‘अजून जमेल’ म्हणतो आणि अनामिकेच्या बुडाशी काहीतरी चटकन वाजते. असा आवाज आला, बोटाच्या बुडाशी सूज आली किंवा रात्री बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर सराव थांबवून डॉक्टरांकडे जावे. दर चौथ्या आठवड्यात काम निम्मे करावे. वाढत्या वयातल्या मुलांच्या बोटांची हाडे अजून पक्की झालेली नसल्याने त्यांनी जड ताण टाळून हलक्या ताणावर थांबावे.

तीन-चार महिन्यांनी ग्रिपरचा फायदा थांबल्यासारखा वाटेल. त्यानंतर शरीराचे वजन बोटांवर घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून जाड पट्टीच्या हँगबोर्डवर, पाय स्टुलावर टेकवून, थोडे वजन कमी ठेवूनच लटकण्यास सुरुवात करावी. ग्रिपर अडगळीत टाकू नये. तो पिशवीत दोरासोबत ठेवावा. डिसेंबरात पहाटे कड्याच्या पायथ्याशी पोहोचल्यावर कातळ बर्फासारखा गार असतो आणि बोटे काठीसारखी ताठलेली असतात. अशा वेळी पहिला जण हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा कमरेचा पट्टा, चढवत असताना हलक्या ताणावर वीस-पंचवीस वेळा सावकाश दाबून घ्यावे, हात काखेत घालून ऊब द्यावी आणि मगच पहिल्या होल्डला हात लावावा.