क्रोशाचा दोरा फसला? मग निदान या चुका तरी टाळा

दोरा वाईट निघालाय हे कळतं कधी, तर रुमालाच्या पाच-सहा ओळी विणून झाल्यावर. माझ्याकडे अशा फसलेल्या गुंड्यांची अख्खी पिशवी भरलीये, काही ऑफरमधल्या, काही ऑनलाइन फोटो बघून मागवलेल्या, काही कुणीतरी "तुला लागतील गं" म्हणून गळ्यात मारलेल्या. आणि मी वर्षानुवर्षं केलेली चूक म्हणजे ज्या वस्तूसाठी दोरा घेतला तीच वस्तू हट्टाने त्यातून विणत बसायचं, म्हणजे पैसे तर गेलेलेच असतात वर आठ दिवस पण जातात. उसवा सरळ. आणि मग बघा की दोऱ्याचं नक्की दुखणं काय आहे.

सगळ्यात कॉमन दुखणं म्हणजे दोरा फुटतो, सुई दोऱ्यातून आरपार जाते आणि खांब (क्रोशाचा उभा टाका) पिसारल्यासारखा दिसतो. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे गुंडी उलट्या टोकाकडून सुरू कर, मीही केलंय, काही उपयोग नाही, कारण पीळ कुठल्याही टोकाकडून बघितला तरी त्याच दिशेचा असतो. त्यापेक्षा बोथट टोकाची सुई घ्या, अर्ध्या-पाऊण एमएमने मोठी, आणि डिझाइन साधं ठेवा. बारीक पाकळ्या, पिको (कडेला काढतात ती बारकी टोकं) वगैरे अशा दोऱ्यात अजिबात करू नका. मी दोन पदर एकत्र धरून मुक्या खांबांचे, म्हणजे बुटक्या दाट टाक्यांचे, जाड चौकोन केले, गरम पातेल्याखाली ठेवायला, त्यात फुटलेला दोरा दिसतच नाही.

पण थांबा, गरम भांड्याखाली ठेवायच्या आधी तो खरंच सुती आहे का ते बघा, लेबलवर जाऊ नका! बोटभर तुकडा चिमट्यात धरून सिंकमध्ये जाळायचा. सुती दोरा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते, प्लॅस्टिकचा असेल तर आक्रसतो, वितळतो आणि गार झाला की टोकाला कडक मणी होतो. हा मणीवाला दोरा गॅसच्या आसपास नकोच. त्याची भांडी घासायची घासणी करा, पटकन वाळते आणि खरखरीत असली तर उलट बरंच.

रंग जाणारा दोरा हे वेगळं प्रकरण आहे. भाचीच्या रुखवतासाठी मी लाल-पांढरं टीपॉय कव्हर विणलं आणि पहिल्याच धुण्यात सगळं गुलाबी, तेही डागाडागाचं. व्हिनेगर घाला, मीठ घाला सांगणारे बरेच भेटले पण व्हिनेगर चालतं ते लोकर आणि रेशमाच्या ॲसिड रंगांना, सुती दोऱ्याचा सुटलेला रंग त्याने पक्का होत नाही. विणायच्या आधी हातभर दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवायचा, एवढंच करायचं होतं मला. रंग लागला तर गुंडीची सैल लडी करून चार ठिकाणी बांधा (बांधायला विसरलात तर तो गुंता सोडवायला दिवाळी उजाडेल) आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यात काढा. तरीही जात असेल तर कधीच न धुतल्या जाणाऱ्या वस्तू करायच्या, दाराचं तोरण, गौरीपुढची फुलं वगैरे. पांढऱ्यासोबत मात्र नाही.

कडक, टोचरा दोरा बाळाच्या टोपीला वापरू नका, "धुतला की मऊ होईल" या आशेवर तर नाहीच. कांदे-बटाट्याची जाळीची पिशवी, कुंडीचं शिंकाळं, अशा कामांना तो मस्त, पण आधी दोन्ही हातांनी झटका देऊन बघा, जुना दोरा कुजलेला असतो आणि कुंडी थेट जमिनीवर येते.

नंबरचा घोळ पण होतो. ४० नंबर म्हणजे २० पेक्षा जाड असं वाटतं, असतं उलटं, नंबर वाढला की दोरा बारीक. असा फसून आला असेल तर दोन-तीन पदर एकत्र घ्या, झालं.

लुळा, बिनपिळाचा दोरा असेल तर तांदळाच्या खळीत बुडवून फुलं, चांदण्या टाचण्यांनी ताणून वाळवा, छान उभ्या राहतात. फक्त खळ लावलेलं काम वर्षभर कपाटात घडी करून ठेवू नका, कसर लागते, धुवून ठेवा आणि सणाला परत खळ द्या.

उरलेले बारके तुकडे पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून बाल्कनीत टाकतात काही जण, ते मात्र प्लीज नको, पिल्लांच्या पायांना दोरा गुंडाळला जातो. मी ते टाचण्यांच्या उशीत कोंबते, आता ती उशी टेनिसच्या बॉलएवढी झालीये.