जेसीबी दिसायच्या आधी सरकारी काम कसं हेरायचं

मागच्या महिन्यात तिघांनी मला एकच गोष्ट विचारली. एकाचं पेव्हर ब्लॉकचं मशीन आहे, एकाचं सळई-सिमेंटचं दुकान आहे, आन एक पोरगा नवीनच इलेक्ट्रिकल मालात उतरलाय. तिघांचं म्हणणं हेच, की तालुक्यात कामं तर धडाधड निघायलेत पण आपल्याला कळतं तवर गुत्तेदाराने, म्हणजे कंत्राटदाराने, माल दुसरीकडून उचललेला असतो. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा म्हणलं एकदाच नीट लिहून काढावं. मी लातूरच्या बाजूला हुम पाईप, म्हणजे काँक्रीटचे पाईप, आन पेव्हर बनवतो, त्यामुळं उदाहरणं त्याच मालाची येतील, पण पद्धत कोणत्याही मटेरियलला लागू पडते.

सुरुवातीच्या काळात एका गावच्या पुढाऱ्याने मला सांगितलं, काम मंजूर झालंय, माल तयार ठेव. मी ठेवला. ६० एमएमचा पेव्हर, अख्खं आवार भरून. नंतर कळलं की मंजूर म्हणजे त्यांनी आमदार साहेबांकडं पत्र दिलं होतं आन साहेब हो म्हणले होते, बस. तो माल वर्षभर उन्हापावसात पडला, वरचा लाल रंग फिका झाला, आन शेवटी एका मंगल कार्यालयाला पडत्या भावात दिला. सिमेंटवाल्याचं देणं फिटायला त्याच्याहून जास्त दिवस लागले. तवापासून कुणी मंजूर म्हणलं की मी पहिला प्रश्न विचारतो, कोणती मंजुरी?

कारण आपल्याकडं मंजूर या एका शब्दाचे चार-पाच अर्थ होतात. पत्र दिलं तरी मंजूर, बजेटात नाव आलं तरी मंजूर, प्रशासकीय मान्यता मिळाली तरी मंजूर, तांत्रिक मान्यता झाली तरी मंजूर, आन वर्क ऑर्डर निघाली तरी मंजूरच. ऑफिसात पहिल्या मान्यतेला प्रमा म्हणतात आन दुसरीला तामा, हे दोन शब्द पाठ करून टाका. प्रमा म्हणजे या कामावर एवढा खर्च करायला हरकत नाही. तामा म्हणजे इंजिनियरने अंदाजपत्रक दरसूचीप्रमाणं तपासलं. त्यानंतर निविदा, मग कार्यारंभ आदेश, म्हणजेच वर्क ऑर्डर. आपला खरा टाईम आहे तामा ते वर्क ऑर्डर यामधला. त्याच्या आधी नुसती नोंद करून ठेवायची, पैसा गुंतवायचा नाही. आन त्याच्यानंतर गेलात तर उशीर झालेला असतो.

घोषणांचं पण तसंच. २०१६ च्या ऑक्टोबरात संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, मंत्रिमंडळाची बैठक झाली, परत २०२३ च्या सप्टेंबरात मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या दिवशी झाली, दोन्ही वेळेस मराठवाड्यासाठी हजारो कोटींचे आकडे जाहीर झाले. त्या बातमीवर मशीन घ्यायचं नसतं. बातमीतून फक्त खातं कोणतं आन योजना कोणती एवढं उचलायचं, मग शासन निर्णयाच्या सरकारी साईटवर त्या खात्याचे जीआर बघत राहायचे. जीआरला पुष्कळदा कामांची यादी जोडलेली असते, गावाच्या नावासकट आन रकमेसकट. ग्रामविकासची २५१५ ची यादी त्यातलीच, त्यात सीसी रस्ता, नाली, सभागृह, पेव्हर असंच बहुतेक असतं. बांधकाम खात्यात ५०५४ आन ३०५४ म्हणलं की रस्ते-पूल. हे आकडे म्हणजे लेखाशीर्ष, पैसा कोणत्या हेडखाली येणार ते. साहेबाला, गुत्तेदाराला हेड कोणतं असं विचारता आलं पाहिजे, समोरचा लगेच नीट बोलायला लागतो.

गावपातळीच्या कामाला ई-ग्रामस्वराज बघा. तिथं राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं निवडत गेलं की त्या गावचा वर्षाचा विकास आराखडा उघडतो, कामाचं नाव आन अंदाजे रक्कम दिसते, पुढं खर्चाची व्हाउचर पण दिसतात. सगळ्या जिल्ह्याचं बघत बसू नका, डोकं उठेल. तुमच्या कारखान्यापासून ट्रॅक्टर किंवा ४०७ टेम्पो परवडेल तेवढीच गावं धरा. पेव्हर आन पाईप जड माल आहे, भाड्यातच मार्जिन जातं, मी ४० किलोमीटरच्या पुढं स्वतःहून बघतच नाही. बाकी ग्रामसभेला जाऊन बसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. आराखड्यातली कामं तिथंच सुचवली जातात, आन ग्रामसेवकाशी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी, ओळख तिथंच होते. स्मशानभूमी शेड, ग्रामपंचायत ऑफिस असली जनसुविधेची कामं जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून येतात, त्यांची चौकशी जिल्हा परिषदेत करायची.

आता मुख्य गोष्ट, महाटेंडर्स. राज्याचं ई-निविदा पोर्टल. पुष्कळ जणांना वाटतं डिजिटल सही नसली तर तिथं काहीच दिसत नाही. तसं नाही, सही लागते ती निविदा भरायला. बघायला, कागद उतरवायला फक्त कॅप्चा टाकावा लागतो, आन तो दर वेळेस टाकावा लागतो, त्याला इलाज नाही. ऑर्गनायझेशनवरून शोधा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद, तुमची नगरपालिका किंवा महापालिका. नावावरून शोधणार असाल तर तालुक्याचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेने टाकून बघा, कारण क्लार्क जसं टाईप करील तसं. औशाचं एक काम मला सहा दिवस दिसलंच नव्हतं, शेवटचं अक्षर वेगळं होतं म्हणून.

काम सापडलं की नुसती रक्कम बघून खूश व्हायचं नाही, शेड्यूल बी उघडायचा. बी-१, म्हणजे टक्केवारीच्या निविदेत, कामाच्या बाबी आन त्यांचं प्रमाण त्यात असतं. समजा रस्त्याचं काम दोन कोटीचं आहे पण शेड्यूल बी मधी ९०० एमएमचा एनपी-३ पाईप (एनपी-३ म्हणजे पाईपाच्या मजबुतीचा वर्ग) फक्त २० मीटर आहे, म्हणजे अडीच मीटरचे आठ नग, तर ते काम माझ्यासाठी एका गाडीचं. उलट वस्ती सुधारणेचं वीस लाखाचं छोटं काम असतं आन त्यात पेव्हरच पेव्हर, ते माझ्यासाठी मोठं. जाडी किती, ६० का ८०, ग्रेड कोणता, आयएस नंबर कोणता, टेस्ट रिपोर्ट कुणाकडून पाहिजे, हे सगळं तिथंच लिहिलेलं असतं. पेव्हरला आयएस १५६५८ आन काँक्रीट पाईपला आयएस ४५८. हे वाचून रेट दिला तर नंतर भांडण होत नाही. शुद्धिपत्रक निघालंय का तेही बघायचं, प्रमाण किंवा तारीख बदललेली असते.

मग निविदा उघडायची वाट बघायची. टेंडर स्टेटसमधी आर्थिक लिफाफा उघडल्यावर कोणी किती भरलं ते दिसतं. ज्याचा सगळ्यात कमी तो एल-वन, आन काम बहुतेक त्यालाच जातं. त्याच दिवशी त्याला फोन करायचा, कारण वर्क ऑर्डर निघेपर्यंत तो पण मालाचे रेट गोळा करतच असतो. आपला रेट व्हॉट्सअपवर नुसता पाठवून गप बसू नका, कामाचं नाव, शेड्यूलमधलं प्रमाण आन तुमचा साईटपोच भाव असं एका पानावर लिहून न्या. आपल्या कामाचा अभ्यास करून आलाय हे गुत्तेदाराला दिसतं, मला यानेच जास्त ऑर्डरी मिळाल्यात.

पण एल-वन किती बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के खाली, गेलाय ते नक्की बघा. पाच-सात टक्के बिलो असेल तर ठीक. पंचवीस-तीस टक्के बिलो गेलेला माणूस शेवटी पैसे कुठून काढणार, आपल्याच रेटमधून आन मालाच्या क्वालिटीतून. असल्या कामाला मी उधारीवर एक गाडी पण टाकत नाही. यावरून काही ऑर्डरी गेल्या माझ्या, जाऊ द्या.

दुसरा धोका पोटगुत्त्याचा. काम एकाच्या नावावर असतं आन साईटवर करणारा दुसराच असतो. माल घेताना साईटवाला म्हणतो टाका, आन पैशाच्या वेळी म्हणतो मालकाचं बिल आलं नाही. म्हणून ऑर्डर कुणाच्या नावाची आन बिल कोणत्या जीएसटी नंबरवर काढायचं हे पहिल्या गाडीच्या आधी लेखी घ्या, व्हॉट्सअपवर का होईना. प्रत्येक चलनावर साईटवरच्या माणसाची सही आन तारीख घ्या, नग मोजून.

निधीचं विचारायला लाजू नका. बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाईन सिस्टीमवर, ग्रँट पडली का, हा सरळ प्रश्न आहे आन गुत्तेदाराला तो कळतो. २०२५ साली थकलेल्या बिलांसाठी राज्यभर गुत्तेदार रस्त्यावर उतरले होते, त्यांचं अडकलं की त्यांच्यामागं आपलं अडकतंच. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आन लघु उत्पादकाला २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, नाही मिळाले तर सरकारच्या ऑनलाईन पोर्टलवर तक्रार करता येते. ही सोय माल बनवणाऱ्याला आन सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या दुकानदारीला नाही, हे सळईवाल्या मित्राला मुद्दाम सांगायलो. त्यांनी अॅडव्हान्स आन चेकवरच भर द्यावा.

खडी-मुरूम पुरवणाऱ्यांनी वाहतूक पास गाडीबरोबरच द्यावा. तो नसला की गुत्तेदाराच्या बिलातून स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, कापतात आन तो ते तुमच्याकडून वसूल करतो.

सरकारी ऑफिसाला थेट माल द्यायचा तर जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, नोंदणी करा. लाईट, मोटारी, फर्निचर असल्या मालाला ते बरं पडतं, पेव्हर-पाईपला मला त्यातून विशेष काही मिळालेलं नाही.

मोठ्या योजनांना घाबरून सोडू नका पण. संभाजीनगरची जायकवाडीहून येणारी पाणी योजना बघा, १६८० कोटीची होती ती २७४० कोटींवर गेली, तिच्या २५०० एमएमच्या लाईनमधी तुमचं आमचं काही नाही. पण शहरात पाईपलाईन टाकायची म्हणलं की रस्ते उकरले जातात, उकरले की दुरुस्ती आली, चेंबर आले, झाकणं आली, पेव्हर आले. ही कामं वेगळ्या लहान निविदांनी किंवा पोटगुत्त्याने निघतात, त्यावर डोळा ठेवायचा.

नोंद कशी ठेवायची, तर मी साधं रजिस्टर वापरतो, लांबडं, दुकानात मिळतं ते. एका कामाला एक ओळ. कामाचं नाव, हेड, प्रमाची तारीख, तामाची तारीख, टेंडर आयडी, उघडायची तारीख, एल-वन कोण, किती बिलो, वर्क ऑर्डर, माझा माल किती, मी दिलेला रेट. दर सोमवारी सकाळी कारखान्यावर माणसं यायच्या आधी एक तास महाटेंडर्स आन रजिस्टर समोरासमोर घेऊन बसतो. प्रमाला सहा महिने झाले तरी तामा नाही, असं काम दिसलं की सरळ उपअभियंत्याच्या ऑफिसात जाऊन विचारतो, जागेचा वाद असतो, निधी नसतो, नाहीतर फाईल दुसऱ्या टेबलावर गेलेली असते. ऑफिसातून उत्तरच मिळेना तर माहिती अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. पण रोज ज्या ऑफिसात जायचं तिथं हा अर्ज शेवटचा उपाय म्हणून ठेवा. आधी चार वेळा तोंडी विचारलं की बहुतेक वेळा माणसं सांगतात, चांगली माणसं पुष्कळ आहेत तिथं.

तारखांचं गणित पण रजिस्टरात येतं. आचारसंहिता लागली की नवीन निविदा थांबतात, पावसाळ्यात डांबराचं काम बंद असतं, आन जानेवारी ते मार्च सगळ्यांना एकदमच माल पाहिजे असतो कारण ३१ मार्चच्या आत बिल काढायचं असतं. मी नोव्हेंबर-डिसेंबरात रजिस्टर बघून ठरवतो कोणत्या साईजचा माल भरून ठेवायचा, आन फक्त वर्क ऑर्डर झालेल्या किंवा एल-वन ठरलेल्या कामांची बेरीज धरतो. एक एप्रिलला नवीन रजिस्टर उघडतो तवा पहिल्या पानावर मागच्या वर्षीची अर्धवट राहिलेली कामं उतरवून घेतो, कारण एप्रिल-मेमधी पहिली गाडी बहुतेक त्यातल्याच एखाद्या कामाला जाते.