किडे दिसतच नाहीत? रानात गेल्यावर या चुका टाळा

"रालामंडल अभयारण्यात तीनदा जाऊन आलो, दोन-चार फुलपाखरं सोडली तर काहीच दिसलं नाही," असं इंदूरमधलं कुणी म्हणालं की मी एकच विचारते: बसलात किती वेळ? उत्तर ठरलेलं असतं. बसलो नाही, चाललो. टेकडीवरच्या होळकरांच्या शिकारघरापर्यंत चढून उतरलात तर व्यायाम होतो, किडे मागे राहतात. एखादं सागाचं रोप निवडा आणि अर्धा तास तिथेच बसा. पावसाळा सरताना सागाच्या पानाची जाळी झालेली दिसते, नुसत्या शिरा उरलेल्या. असं पान हळूच उलटून पाहा. मधला हिरवा भाग खाणारी बारीक अळी बरेचदा तिथेच सापडते.

पक्षी बघायच्या सवयीने पहाटे निघणं ही दुसरी चूक. फुलपाखराला उडण्याआधी अंग तापवावं लागतं, त्यामुळे ऊन पडल्यावरच ती बाहेर येतात. चतुर मात्र पहाटे दवात भिजून गवताच्या काडीवर स्तब्ध असतात, त्यांचे फोटो तेव्हाच घ्या. ऊन चढल्यावर जवळ जाताना आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, लगेच उडतात.

दगड उलटायचा मोह सगळ्यांना होतो. उलटायचाच असेल तर हाताने नको, काठीने, आणि पलीकडची कड उचला, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसं असलं तरी मध्ये दगडाची आड राहील. आणि तो परत जसाच्या तसा ठेवा. दगडाखालची ओल हेच तिथल्या गोमांचं, पैसा किड्यांचं घर असतं. उघडा टाकलेला दगड पाहिला की मला फार वाईट वाटतं.

मृगाच्या किड्याचं तर विशेष सांगायचंय. पहिल्या पावसानंतर इंदूरजवळच्या चोरल, पातालपाणीकडच्या मातीत हे लाल मखमली ठिपके चालताना दिसतात. आमचे हिंदी शेजारी त्याला बीरबहूटी म्हणतात. लहानपणी आम्ही ते काडेपेटीत भरायचो आणि दुसऱ्या दिवशी मेलेले सापडायचे. पाय मोजा, 8 भरतील. म्हणजे तो कीटक नाहीच, कोळ्याचा नातलग. वर्षातले मोजके दिवसच तो जमिनीवर येतो, तेवढ्यातच त्याला जोडीदार शोधायचा असतो. मुलांना तो जमिनीवरच दाखवा. अभयारण्यातून तर काहीच उचलून आणायचं नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

रात्री शेतघरावर पांढरी चादर टांगून दिवा लावला की पतंग येतात. तो रात्रभर जळत ठेवू नका. पतंग चादरीला चिकटून राहतात आणि उजाडताच पक्षी त्यांना टिपतात. दोन तासांनी दिवा बंद करा, चादर हलकेच झटका. दिव्यापाशी अंगावर काही बसलं तर चिरडू नका, फुंकर मारा. काही भुंगेऱ्यांच्या अंगातला रस लागला की कातडीवर फोड येतात. डास पळवायचं मलम लावलेल्या हातांनी अळ्यांना शिवू नका.

ओळख पटवताना एकाच फोटोवर भरवसा ठेवू नका. बिबळ्या कडवा आणि छोट्या चांदव्याची मादी ही फुलपाखरं घ्या: दोन्ही नारिंगी, पंखांची टोकं काळी-पांढरी. कडव्याची अळी रुईची पानं खाते, त्या चिकाने तो पक्ष्यांना बेचव लागतो, म्हणून चांदव्याची मादी त्याचं सोंग घेते. मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतील तर तो कडवा. म्हणून पंख मिटलेले आणि उघडलेले असे दोन्ही फोटो घ्या, आणि ते ज्या झाडावर बसलंय त्याचाही एक.