वर्षानुवर्षं रखडलेली ट्रॅक कार घरच्या घरी पूर्ण कशी करावी

सांगली-मिरज-कुपवाडच्या पट्ट्यात ट्रॅक कार, म्हणजे रस्त्यावर नव्हे तर रेसट्रॅकवर पळवायची गाडी, बांधायला लागणारं जवळजवळ सगळं मिळतं. कुपवाड एमआयडीसीत लेथ आणि मिलिंग, मिरजेत डेंटिंग-पेंटिंग, आणि इथे जमलंच नाही तर कोल्हापूरचं उद्यमनगर. कारागीर आहेत, जुन्या मारुती एस्टीम-झेन आहेत, हौस तर उतू जातेय. तरीही पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली बॉनेट काढून ठेवलेल्या गाड्या दिसतातच. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं: "वेळच मिळत नाही ओ."

मला हे कारण पूर्ण पटत नाही. अशा गाडीवर कुणी कामच केलेलं नसतं असं नाही. सुट्टीला शेड उघडतं. पण हा बोल्ट कुठला, ही वायर कशाची, मागच्या वेळी कुठवर आलो होतो, हे आठवण्यातच निम्मी दुपार जाते. मग चहा येतो, फोन येतो, शेड बंद. खंड पडणारच. लग्नं, बाग, दवाखाना, पोरांच्या परीक्षा कुणाला चुकल्यात? म्हणून खंड टाळायच्या मागे लागू नका. खंडानंतर पुन्हा हात घालणं सोपं करा. पुढचं सगळं त्याच हिशोबाने सांगतोय. उदाहरणाला १२९८ सीसीची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली) एस्टीम धरली आहे, कारण ती हलकी आहे, सुटे भाग अजून सापडतात आणि मूळचे ८५ हॉर्सपॉवर पहिल्या वर्षाला पुष्कळ होतात.

आधी गाडी कशासाठी, ते एका ओळीत लिहा

"मद्रासच्या ट्रॅकवर ट्रॅक डेला दिवसभर पळेल आणि संध्याकाळी स्वतःच्या इंजिनावर फ्लॅटबेडवर चढेल." एवढी ओळ पुरे. (ट्रॅक डे म्हणजे पैसे भरून आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस, आणि फ्लॅटबेड म्हणजे गाडी वाहून नेणारा सपाट ट्रक.) ती शेडच्या भिंतीवर खडूने लिहा. तो ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, साधारण ३.७ किलोमीटरचा. कोल्हापूरवरून बंगळूरकडे जाणारा आपला ४८ नंबरचा महामार्गच पुढे त्या गावापर्यंत जातो. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे त्याहून लहान, सुमारे २.१ किलोमीटर.

आता कामांच्या यादीतली प्रत्येक गोष्ट त्या ओळीला लावून बघा. ब्रेक, कूलिंग, सस्पेन्शन, टायर, सीट, बेल्ट, रोलकेज (गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा पाइपांचा सांगाडा): हे लागतंच. टर्बो, पॉलिश केलेलं हेड, कार्बन फायबरचं बॉनेट: नाही लागत. ते दुसऱ्या वहीत लिहा आणि ती वही घरात ठेवा, शेडमध्ये नको. इंजिन बरं चालत असताना "उघडलंच आहे तर बोअर पण करून घेऊ" या एका वाक्याने जेवढ्या गाड्या अडकल्या, तेवढ्या पैशाच्या तंगीनेही अडकल्या नसतील.

याच टप्प्यावर रस्ता की ट्रॅक, हेही कायमचं ठरवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. शिवाय केज घातलेली गाडी रस्त्यावर हेल्मेटशिवाय चालवणं म्हणजे डोक्याशेजारी लोखंडी पाइप घेऊन फिरणं. दोन्ही साधायला गेलं की एसी ठेवायचा का, मागची सीट ठेवायची का, यावर महिने जातात. ट्रॅकची म्हणजे ट्रॅकची. नेताना फ्लॅटबेडवर.

गाडी चाकांवर आणा, मग बाकीचं

रखडलेली गाडी बहुतेक वेळा घोडीवर (जॅक स्टँडवर) असते आणि चारही बाजूंनी उघडलेली असते. इंजिनाला हात लावण्याआधी एक ॲक्सल पूर्ण करा, मग दुसरा. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकॲब्सॉर्बर, बेअरिंग, आणि गाडी खाली उतरवा. टायर जुनेच चालतील, टक्कल पडलेले असले तरी. ढकलता आली म्हणजे झालं.

सांगलीत याला आणखी एक कारण आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२१ ला काय झालं ते गावभागातल्या माणसाला सांगायला नको. पाणी चढायला लागल्यावर घरातलं धान्य वर चढवायचं की पुढची चाकं बसवायची? तेव्हा जूनच्या आत गाडी ढकलण्याजोगी हवी, आणि सुटं इंजिन किंवा गिअरबॉक्स असेल तर जमिनीवर नको, पहिल्या मजल्यावर किंवा नदीपासून लांब राहणाऱ्या मित्राकडे. स्टार्टर, अल्टरनेटर, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) हे तर एका पेटीतच ठेवा; पेटी उचलली की निघालं.

खोलताना खुणा करा, लावताना डोकं वाचतं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाचतो, म्हणून जरा सविस्तर.

बोल्ट एका डब्यात कधीच टाकू नका. टायमिंग कव्हरसारखा भाग असेल तर जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर कव्हरची बाह्यरेषा काढा आणि बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून खोचा. लांब-आखूड बोल्टांचा घोळ तिथल्या तिथे मिटतो. आखूड भोकात लांब बोल्ट कसला की आटे जातात, नाहीतर कास्टिंगला तडा जातो. बाकीचे बोल्ट वायसरसकट झिपच्या पिशवीत, आत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली. मार्करची शाई ऑइलमध्ये पुसते, पेन्सिल टिकते. चिठ्ठीवर तीन गोष्टी: भाग कोणता, बोल्ट किती, काय नवीन आणायचं. "डावा पुढचा कॅलिपर, बोल्ट २, एकाचे आटे खराब, नवा आणणे." सहा महिन्यांनी ही चिठ्ठी वाचून तुम्ही थेट दुकानात जाता.

वायरिंगचं तसंच. कनेक्टर काढण्यापूर्वी दोन्ही तोंडांना एकच नंबर टेपवर लिहून चिकटवा, आणि फोटो असा काढा की नंबर आणि आजूबाजूची जागा दोन्ही दिसतील. नुसते जवळचे फोटो कामाला येत नाहीत. पुढे ओळखूच येत नाही हे बॉनेटखालचं आहे की डॅशबोर्डमागचं.

आणि शेड बंद करण्यापूर्वी पाच मिनिटं राखून ठेवा. पुढच्या वेळी पहिलं काम कोणतं, ते पाटीवर लिहा आणि त्याचे पाने, भाग, गास्केट एका परातीत काढून ठेवा. परात समोर असली की आठवत बसावं लागत नाही, हात चालायला लागतात. परातीत मावेल एवढंच काम घ्या: "सस्पेन्शन करणे" हे काम नव्हे, "मागच्या उजव्या ड्रमचे शू बदलणे" हे काम.

आपल्याकडच्या कॅलेंडरप्रमाणे कामं वाटा

तासगाव-खानापूरकडे द्राक्षबाग असेल तर ऑक्टोबर छाटणीपासून माल जाईपर्यंत गाडीला कुणी हात लावत नाही, आणि लावूही नये. नोकरदाराचा मार्च जातो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. हे सगळं आधीच माहीत असतं, तरी आपण यादी अशी करतो की जणू बाराही महिने मोकळे आहेत.

रंगकाम आणि पत्र्याचं वेल्डिंग कोरड्या हवेत, म्हणजे हिवाळा ते एप्रिल. पावसाळ्यात दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो आणि घासलेल्या उघड्या पत्र्यावर दोन दिवसांत गंजाची पिवळट झाक येते. घासलं की त्याच दिवशी प्रायमर मारा. पावसाळ्यात टेबलावरची कामं: कॅलिपरचे सील, वायरिंगची साफसफाई, सीटचे ब्रॅकेट. ज्या महिन्यांत खरंच शक्य नाही, तिथे यादीत "बंद" असंच लिहा. रिकाम्या राहिलेल्या रविवारांची खंत उरत नाही.

घरच्यांशीही एकदाच बोलून घ्या. "येतो दहा मिनिटांत" म्हणून चार तास शेडमध्ये राहण्यापेक्षा ठरलेला एक वार आणि ठरलेली उठायची वेळ बरी. तोंडावर पैशाचा आकडा सांगायची हिंमत होत नसेल, तर यादी अजून लांब आहे असं समजा.

बाहेर एकावेळी एकच काम द्या

लेथवाल्याकडे फ्लायव्हील, रेडिएटरवाल्याकडे कोअर, वेल्डरकडे केज आणि रंगाला दरवाजे, असं एकदम देऊन टाकलं की चौघांकडे हेलपाटे आणि घरी रिकामा सांगाडा. एक भाग बाहेर, एक हातात. देताना कागदावर माप लिहून द्या आणि कारखान्याची तातडीची ऑर्डर आली की आपलं काम मागे पडणार हे धरून चाला. "मामा, रविवारी नेतो" ऐवजी "मामा, तुमच्या सवडीनं सांगा, पण नक्की सांगा" म्हटलं की तारीख खरी मिळते.

केजच्या बाबतीत मात्र सवड-बिवड नाही. पाण्याचा जीआय पाइप वाकवून केलेली केज ही केज नव्हे. कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइप हवा. एफआयएच्या (मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत मुख्य हूपला, म्हणजे सीटमागच्या मोठ्या कमानीला, ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. बाकीच्या नळ्यांना ३८ आणि २.५, किंवा ४० आणि २. पाय जिथे फ्लोअरवर बसतात तिथे निदान ३ मिमी जाडीची प्लेट. पाइप थंडच वाकवायचा, गॅसने तापवून नाही, आणि वाकलेल्या जागी सुरकुती किंवा चपटेपणा दिसला तर तो तुकडा परत करायचा. केजच्या वेल्डिंगला बॅटरी काढा, ईसीएम काढा, टाकी रिकामी करून गाडीतून बाहेर ठेवा. खाली कापड ओलं, हाताशी अग्निशामक.

शिळं होणारं सामान सगळ्यात शेवटी

उत्साहाच्या भरात लोक पहिल्याच महिन्यात बकेट सीट, बेल्ट आणि चिकट टायर घेतात. फोटो छान येतात. पण टायरचं रबर वापरलं नाही तरी कडक होतं. साइडवॉलवरचे चार आकडे बघा: टायर कितव्या आठवड्यात बनला ते पहिले दोन सांगतात, कोणत्या वर्षी ते पुढचे दोन. एफआयए ८८५५-१९९९ च्या सीटला बनवल्यापासून ५ वर्षांचीच मुदत असते, बेल्टवरही मुदतीचं लेबल असतं. बॅटरी पडून खलास होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं: डॉट ४ चा उत्कलनांक नवं असताना किमान २३० अंश, ओलावा शिरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि ट्रॅकवर तेवढी उष्णता सहज होते. पेडल स्पंजासारखं होऊन खाली जातं ते यामुळे. म्हणून हे सगळं गाडी सुरू झाल्यावर, तारीख ठरल्यावर. फिटिंगला मापासाठी मित्राची सीट उसनी आणा.

सुरू करणे आणि पहिली फेरी

जुनं पेट्रोल काढून टाका. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी होज फुगतात आणि चिरतात, तेव्हा फ्युएल होज नवेच. टायमिंग बेल्ट पळाला नसला तरी वयाने जातो, तोही बदला. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, क्रँक पुलीवर पाना लावून हाताने दोन-तीन फेरे फिरवा. अडकत नसेल तर प्लग बाहेर ठेवूनच, इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा मारा. मग प्लग.

ब्रेक ब्लीड करायला, म्हणजे ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला, दुसरा माणूस लागतोच. वहिनी, पोरगं, शेजारचे काका, कुणीही चालेल, फक्त तीन शब्द आधी ठरवा: "दाब", "धर", "सोड". "दाब" म्हटलं की पेडल खाली, मग तुम्ही चाकापाशचा निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करायचा, बुडबुडे येऊ द्यायचे. पेडल तळाला गेलं की तिकडून आवाज: "धरलंय." निपल घट्ट करून मगच "सोड". निपल उघडा असताना पेडल सुटलं की हवा पुन्हा आत. सहसा मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकाने सुरुवात, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा.

गाडी आवारात पुढे-मागे झाली की लगेच ट्रॅक डेचे पैसे भरा आणि फ्लॅटबेडवाल्याला ॲडव्हान्स द्या. तारीख पैशाने बांधली गेली की "रंग राहिलाय अजून" वगैरे बोलणं आपोआप थांबतं. बेरंगी गाडीला ट्रॅकवर कुणी अडवत नाही. बॅटरी नीट बांधलेली नसेल, ऑइल गळत असेल किंवा टो हूक (गाडी ओढून न्यायचा हूक) नसेल तर अडवतात.

जाण्यापूर्वी चाकं, कॅलिपर, लोअर आर्म, स्टिअरिंगचे नट टॉर्क पान्याने कसून प्रत्येक नटावरून भागावर रंगाची एक सरळ रेघ ओढा. पहिल्या सत्रात चार-पाच फेऱ्याच मारा, आत या, गार होऊ द्या आणि खाली वाकून रेघा बघा. जी तुटलेली दिसेल तो नट सरकलाय.